वसुधाकाकूंची वीस बोरची बंदूक

वसुधाकाकूंनी उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. नकार द्यायचा असला की त्या 'बघू' म्हणत, आणि समोरचा तो होकार समजून कामाला लागे. या एका शब्दापायी त्या वर्षानुवर्षं मंडळाच्या खजिनदार होत्या, शेजारणीची मांजरं सांभाळत होत्या, आणि आता याच शब्दापायी त्यांचा मुलगा वेद त्यांचं पश्चिम किनाऱ्यावरचं बॉथेलचं घर विकायला न्यू जर्सीहून येऊन बसला होता. तिकडे वेस्ट विंडसरच्या त्याच्या घरात, बेसमेंटमध्ये, आईसाठी खोली तयार होती. सोमवारी एजंट यायचा होता.

काकूंना तर घर मुळीच सोडायचं नव्हतं. हेमचंद्रकाका गेल्यावर पहिलं वर्ष रडण्यात गेलं, आणि मग एकटं राहणं त्यांना चक्क आवडायला लागलं. भूक लागेल तेव्हा जेवायचं, रेडिओ मोठ्याने लावायचा, मैत्रिणींबरोबर नदीकाठच्या ट्रेलवर भटकायचं. पण नवरा गेलेल्या बाईने इतकं मजेत असावं का, याचा त्यांना स्वतःलाच संकोच वाटे. मग मुलाला कुठल्या तोंडाने सांगणार?

त्यात हिवाळ्यात कुणीतरी मागच्या दाराचा हँडल हलवून पाहिला आणि पळून गेला. वेदला निमित्तच मिळालं. "आई, तू तिथे सेफ नाहीयेस. डिस्कशन ओव्हर." काकू म्हणाल्या, बघू. आणि गेल्या त्या थेट बंदुकीच्या दुकानात. नाही म्हणता येत नाही म्हणून बंदूक विकत घेणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. त्यांची मैत्रीण शैलजा ऐकून खुर्चीत बसली. "अगं वसुधा, कोबी चिरताना तू कोबीची माफी मागतेस!"

बंदूक घेतली, मग ती चालवायचा दोन दिवसांचा क्लासही लावला. "तू स्वतःच्याच पायावर गोळी मारून घेशील," म्हणत वेदने स्वतःचंही नाव घातलं. सोमवारच्या आत आईचं हे वेड उतरवायचं, असा त्याचा बेत.

क्लास डोंगराकडच्या एका उघड्या शूटिंग रेंजवर होता. शिकवणारी लॉरा, पोलिसातून निवृत्त झालेली, आडव्या बांध्याची बाई. तिने वेदला विचारलं, कुठली बंदूक हवी? वेदने मोठी ती चांगली या न्यायाने बारा बोरची भाड्याने घेतली. काकूंची स्वतःची वीस बोरची, म्हणजे त्याहून लहान, आणि त्यांचे हात आखूड म्हणून दुकानदाराने खांद्याला टेकवायचा दस्ताही आखूड बसवून दिलेला. पहिला बार काढताच वेद दोन पावलं मागे आला आणि खांदा चोळत राहिला. काकूंनी बार काढला आणि त्या खुदकन हसल्या. दुसरा काढला, पुन्हा हसल्या. कानांवर आवाज अडवणारे जाड मफ असल्यामुळे आपण किती मोठ्याने हसतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता. सगळी रेंज वळून बघायला लागली.

मग काडतुसांचा पाठ झाला. बारीक छर्रे पाखरांसाठी, माणसाला थांबवायला त्यांचा भरवसा नाही, असं लॉराने सांगितलं. अखंड गोळी भिंत फोडून शेजाऱ्याच्या सोफ्यात जाऊन बसायची. म्हणून मधले, टपोरे छर्रे. पण तेही कमी धक्क्याचे, आणि आपल्या बंदुकीतून, आपल्या घरातल्या अंतरावरून कागदावर मारून पाहिलेले. हे ऐकून काकूंचे डोळे लकाकले. सगळी नोकरी लॅबमध्ये झालेली बाई ती! बेडरूमच्या कोपऱ्यापासून जिन्यापर्यंतचं अंतर त्या घरूनच मोजून आल्या होत्या. तीन कंपन्यांची काडतुसं मारून पाहिली. एकीचे छर्रे परातभर पसरले, दुसरीचे ताटभर, तिसरीचे वाटीत मावतील एवढे, एकही छर्रा भलतीकडे नाही. "हीच!" काकू ओरडल्या आणि लॉराला त्यांनी मिठी मारली. वेद खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता.

रविवारी दुपारी शेवटचा पाठ होता. खरी बंदूक बाहेर ठेवायची, हातात प्लास्टिकची घ्यायची. प्लायवुडची एक खोटी बेडरूम होती. "चोर शोधत घरभर फिरायचं नाही," लॉराने बजावलं. "दाराला कडी, पलंगाच्या मागे उभं राहायचं, पोलिसांना फोन, आणि ओरडायचं. बंदूक सगळ्यात शेवटी. आधी आवाज." चोर म्हणून दाराबाहेर तिने वेदला उभं केलं.

काकू खोलीपाशी आल्या आणि बूट काढून आत गेल्या. सगळे खो खो हसले. लॉराने त्यांना बूट पुन्हा घालायला लावले.

बाहेरून वेदने दार धडधडवलं. काकू म्हणाल्या, "एक्सक्यूज मी, प्लीज आत येऊ नका."

"चोर यावर चहा मागेल!" लॉरा म्हणाली. "मोठ्याने. आणि प्लीज काढून टाका."

काकूंनी पुन्हा प्रयत्न केला. आवाज मांजराला हाकलण्याइतका जेमतेम. लॉरा जवळ आली. "इंग्लिश सोडा. तुमच्या भाषेत. तिकडे उभा आहे त्याला काय सांगायचंय ते सांगा."

दार पुन्हा धडधडलं. काकूंनी श्वास घेतला.

"वेद! मी हे घर विकणार नाही!"

दाराचं धडधडणं थांबलं.

"ऐकलंस? नाही म्हणजे नाही! मला बेसमेंट नको! एजंट नको! मनगटावर ते, मी पडले की तुला कळवणारं, ढेकळासारखं घड्याळ नको! रोज रात्री नऊला जेवलीस का म्हणून फोन नको, मी जेवते, पोटभर जेवते! तुझे बाबा गेले, मी नाही गेले! मी इथे मजेत आहे, वेद, खूप मजेत आहे, आणि मी इथून हलणार नाही!"

लॉराला एक अक्षर कळलं नव्हतं, पण तिने शिट्टी मारली. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. काकूंचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. दाराआडून वेदचा आवाज आला, "ओके आई, ओके. कॅन्सल करतो. हात वर केलेत मी."

परतीच्या वाटेवर गाडी वेद चालवत होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "हे तू आधी का नाही बोललीस गं?"

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "बोलले असते रे. पण आधी तू दाराबाहेर थांबत कुठे होतास?"