उभ्या घड्याळातला केस

उत्तरेतल्या एका शहरात, बनी पार्क नावाच्या वस्तीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही चार वर्षं भाड्याने राहिलो. नवऱ्याची विमा कंपनीत बदलीची नोकरी, माझं लग्न नवीन. साताऱ्याहून आलेल्या माझ्या मराठीला त्या अख्ख्या गल्लीत ऐकणारं कुणी नव्हतं. खाली घरमालक राहायचे. जंगल खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, विधुर, रुबाबदार. मला ते ‘बहूजी’ म्हणत आणि दर रविवारी सकाळी त्यांचे मित्र जमले की चहा मी करून न्यावा, असं ठरूनच गेलं होतं. मला ते आवडायचं. कुणीतरी आपल्याला हाक मारतंय, एवढंच पुरेसं वाटण्याचे ते दिवस होते.

त्यांच्या बैठकीत एक इंग्रजी घड्याळ उभं होतं, माणसाहून हातभर उंच. कुणा इंग्रज इंजिनिअरने देश सोडताना ते मागे ठेवलं होतं. तबकडीवर ते बनवणाऱ्या कारागिराचं नाव आणि त्याच्या गावाचं नाव. ते गाव मी नवऱ्याच्या ॲटलासात शोधलं, सापडलं नाही.

त्या घड्याळाची देखभाल करायला एक उस्ताद यायचे, एका रविवाराआड. सत्तरीचे, दाढी मेंदीने लाल केलेली, जुन्या शहरात घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांना काम शिकवणारे उस्ताद इंग्रजांच्या बंगल्यांवर कामाला जात, त्यामुळे असली घड्याळं त्यांना घरच्यासारखी. आणि तो इंग्रज कारागीर त्यांच्या लेखी समोरच्या गल्लीत राहणारा माणूस होता.

एकदा त्यांनी मला आतलं यंत्र दाखवलं. मागच्या पितळी पत्र्याला मधोमध मोठी चौकोनी खिडकी कापलेली होती.

“हे बघ बेटी, जिथे गरज नाही तिथलं पितळ कापून घेतलंय. छोट्या गावातला माणूस. पितळ कुठून आणणार रोज? उरलेल्या तुकड्यात दुसरं चाक केलं असेल.” मग एका चाकावर त्यांनी नख ठेवलं. “हा दात नंतर बसवलाय. कापताना तुटला. मोठ्या शहरातला असता तर चाक फेकलं असतं. याने नवा दात घडवून असा जोडला, की मलाही दोन वर्षं कळलं नाही.” कानशीचे ओरखडे उलट्या बाजूला झुकलेले होते. त्यावरून तो डावखुरा होता, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

हे सगळं सांगणारा माणूस गोड असेल असं वाटतं. तो नव्हता. मी हौसेने माझं मनगटी घड्याळ त्यांच्यापुढे धरलं. लग्नात वडिलांनी दिलेलं. त्यांनी ते कानाला लावलं आणि परत दिलं. “ये घड़ी नहीं, खिलौना है.” मित्रमंडळी हसली. मी चहाचे कप उचलून वर आले आणि रडले.

घरमालकांनाही त्यांनी सोडलं नाही. एका रविवारी घड्याळाचे ठोके चुकत होते. उस्तादांनी वरची लाकडी टोपी काढली, आत पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “साहब, आपने सुई उलटी घुमाई है. ये काम तो बच्चे भी नहीं करते.”

घरमालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पुढच्या खेपेला, उस्ताद यायचे त्या सकाळी, घरमालकांनी मला लवकर खाली बोलावलं. घड्याळाची टोपी काढून ठेवलेली, हातात चिमटा. डोळे मुलासारखे चमकत होते. “बहूजी, एक बाल देना अपना. लंबा वाला.”

“कशाला?”

“तमाशा देखना.”

माझे केस तेव्हा कमरेच्या खाली होते. काय होणार ते त्यांनी समजावून सांगितलं: चाकाच्या बारीक आसाला केसाचे वेढे दिले की चाक अडतं आणि नजर पक्की नसेल तर ते दिसत नाही. “बुड्ढे की आँखें देखते हैं.” मला सगळं समजलं होतं. मी वेणी सैल केली, एक केस उपटला आणि दिला. ते वेढे देत असताना टॉर्चही मीच धरला. लंबक दोन-चार झोके घेऊन थांबला, तेव्हा आम्ही दोघं हसलो.

मित्र पाचजण आले. प्रत्येकाच्या घरी एखादं जुनं घड्याळ होतं आणि ती सगळी उस्तादांच्याच हातातली. घरमालकांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. उस्ताद आले, बसले, भिंग डोळ्याला लावलं. आधी लंबक पाहिला. मग वजनांच्या दोऱ्या. मग यंत्र बाहेर काढून टेबलावर घेतलं. अर्ध्या तासाने कपाळावर घाम आला. कुणीतरी विचारलं, “क्यों उस्ताद, अंग्रेज़ रूठ गया?” ते हसले नाहीत. बोटांनी एकेक चाक फिरवून पाहत होते, केस होता त्या आसावरून त्यांचं भिंग तीनदा गेलं. मी मोजलं. तिसऱ्यांदा माझ्या ओठांवर आलं होतं, ‘तिथेच आहे, तिथेच.’ मी चहा ओतत राहिले.

दोन तासांनी त्यांनी भिंग खाली ठेवलं. “माझ्याच्याने होत नाही, साहेब. दुसरं कुणी बघा.”

याचीच वाट पाहत होते घरमालक. उठले, चिमट्याने केसाचं टोक धरलं आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल असा तो उलगडला. खोलीभर हशा झाला. एकाने टाळ्या वाजवल्या.

उस्तादांनी हात पुढे केला. केस त्यांच्या तळव्यावर ठेवला गेला. त्यांनी तो दोन बोटांतून ओढून पाहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग चेहरा माझ्याकडे वळवला. त्या खोलीत बाई मी एकटीच होते.

“बेटी, तुझे मालूम था?”

“नहीं,” मी म्हणाले.

त्यांनी यंत्र परत बसवलं, लंबक हलवून दिला, हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि गेले. नवऱ्याला मी संध्याकाळी सांगितलं. तो पेपर वाचत म्हणाला, “गंमत केली गं त्यांनी. म्हाताऱ्यालाही जरा कळायला हवंच होतं.”

महिनाभरात पाचही घरांनी आपली घड्याळं दुसरीकडे नेली. घरमालकांनी तर त्या इंग्रजाचं यंत्र काढून माळ्यावर टाकलं आणि तबकडीमागे सेलवर चालणारं बसवून घेतलं. ठोके बंद झाले. “झंझट ख़त्म,” ते म्हणाले.

दिवाळीच्या आधी मी जुन्या शहरात गेले. माफी मागायची, असं घरातून निघताना ठरवलं होतं. दुकानात उस्तादांचा मुलगा होता, चाळिशीचा, टेबलावर सेलची घड्याळं मांडून बसलेला. मी बनी पार्कचं नाव घेतलं तसा तो उभा राहिला.

“काय मिळालं तुम्हा लोकांना?” तो हळू बोलत होता, आत ऐकू जाऊ नये म्हणून. “डोळे दोन वर्षांपासून जात होते. आम्हाला माहीत होतं, त्यांना नव्हतं. ते जे काम करायचे, ते अब्बा झोपल्यावर मी पुन्हा उघडायचो, नीट करून तसंच ठेवायचो. गिऱ्हाईक खूश, अब्बा खूश. असेच गेले असते एक दिवस, उस्ताद म्हणून. आता आपल्या हातातून आजवर काय काय बिघडलं असेल, याचाच विचार करत बसतात.”

मागच्या खोलीच्या पडद्याच्या फटीतून मला उस्ताद दिसले. खाटेवर बसून एक गजराचं घड्याळ चाचपून खोलत होते. एक स्क्रू खाली पडला. ते वाकून जमीन चाचपू लागले. स्क्रू त्यांच्या पायाशीच होता.

“कौन है?” त्यांनी आतून विचारलं.

“ग्राहक है, अब्बा.” मग माझ्याकडे बघून, “त्या दिवशी तुम्ही होता तिथे?”

आवाज आत जाईल, ओळखला जाईल, म्हणून मी नुसती मान हलवली. नाही. आणि निघाले.

मग वर्षभराने आमची नागपूरला बदली झाली. मधल्या वर्षभरात रविवारचा चहा मी करतच होते, मंडळी येतच होती, आणि पाहुणा नवीन असला की घरमालक ती गोष्ट सांगायचे. केस कुणाचा, हे ते सांगत नसत. माझ्याकडे बघून डोळा तेवढा मिचकावत. मी हसायचे.

निघालो त्या दिवशी ते आम्हाला पोचवायला स्टेशनवर आले. मिठाईचा मोठा डबा आणला होता, माझ्या डोक्यावर हात ठेवताना त्यांचे डोळे भरून आले होते. माझ्यावर त्यांची खरोखरच माया होती. मी वाकून त्यांच्या पाया पडले.