जपानी पोराची दृष्ट

इथे परदेशात, पॉइंट कुकमधल्या आमच्या घरी अग्निशमन दलाची गाडी आली होती, ती एका जपानी स्की जंपरमुळे. त्याला अजून याची कल्पना नाही.

सासूबाई ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि कोविडमुळे इथेच अडकल्या. त्यांचा जीव रमावा म्हणून माझ्या लेकीने, रेवाने, त्यांना टॅबवर या पोराचा व्हिडिओ दाखवला. डोंगरावरून बर्फात घसरत येतो, हवेत झेपावतो आणि खाली उतरला की आधी मागे वळून डोंगराला वाकून नमस्कार करतो. सासूबाई तिथेच विरघळल्या. किती वळण आहे पोराला, म्हणाल्या (आणि माझ्याकडे बघितलं).

मला कुतूहल वेगळंच. एका नमस्कारापायी जगभरातल्या बायका एवढ्या वेड्या का व्हाव्यात? म्हणून मी कॉमेंट वाचायला घेतल्या. ब्राझीलची एक आजी त्याच्यासाठी मफलर विणत होती. फिनलंडची एक बाई त्याच्या जेवणाच्या डब्याचे फोटो जमवत होती! या बायकांना कामधंदा नाही का, असं म्हणत मी ऑफिसच्या दोन झूम मीटिंग त्यातच घालवल्या.

मग तो सरावात पडला. सासूबाईंचं निदान तयार होतं.

"एवढं जग दिवसरात्र त्याच्याकडे बघतंय. दृष्ट लागणार नाही तर काय होणार?"

मी वाऱ्याचा वेग वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि लाल मिरच्या कुठे ठेवल्यात ते विचारलं.

तो पुन्हा उडी मारणार होता शुक्रवारी दुपारी चारला, आणि माझा इंटरव्ह्यू होता पावणेचारला. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. ही पर्मनंट नोकरी मिळाली नाही तर मी घरी बसणार होते. त्या दिवशी घरात मिरची जळणार नाही, असं मी बजावलं. सासूबाईंनी मिरच्या परत डब्यात ठेवल्या. साडेतीनला मी सहज डोकावले, तर पडद्यावर तो पायाला पट्टी बांधून जिना चढत होता. मी मिरच्यांचा डबा काढून ओट्यावर ठेवला.

"आई, काढा," मी म्हणाले. "पण पटकन."

टॅब ओट्यावर मीच उभा केला. त्यांनी मीठ, मोहरी, मिरच्या त्याच्यावरून ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्या. तोवर मी लॅपटॉपसमोर. तिसऱ्या प्रश्नाला ठसका लागला, चौथ्याला स्मोक अलार्म कोकलायला लागला. पॅनेलच्या तिघांसमोर मी डोळे पुसत, खुर्चीवर चढून, टॉवेलने छताला वारा घालत माझी बलस्थानं सांगत होते. समोरच्या शेजाऱ्याने धूर बघून फोन केला आणि बंबवाले आलेच. काय शिजत होतं, त्यांनी मास्कमधून खोकत विचारलं. उत्तर द्यायच्या आधी त्यांचं लक्ष टॅबकडे गेलं, आणि आम्ही सगळ्यांनी उभ्याने ती उडी बघितली. तो झकास उतरला. नमस्कारही केला.

सोमवारी मला नकाराचं ईमेल आलं.

सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. "खरी दृष्ट असती तर ठसका लागला नसता गं. त्या पोराला ती लागलीच नव्हती. तुझी काढायला हवी होती."

बरोबर आहे. त्याच्याकडे सगळं जग बघत होतं, त्याला दृष्ट लागली नाही. माझ्याकडे तिघंच बघत होते, तर तेवढ्यांचीच लागली.