गप्प बसायची प्रॅक्टिस

आखातातल्या करामा वस्तीत आमच्या समोरच्या फ्लॅटमधली मुलगी सोशल वर्क शिकून समुपदेशनाची इंटर्नशिप करत होती. ती इतकी भरभर बोले, की समोरच्याचं वाक्यही तीच पुरं करी.

"मॅडम म्हणतात, ऐकायला शीक, नाहीतर लायसन्स विसर." मग माझ्याच स्वयंपाकघरात सराव. "यल्ला काकू, चला, तुम्ही बोला." मी लाजून मटार सोलत राही आणि तीच सुरू होई.

काही वर्षांनी लायसन्स मिळालं, तशी पेढे घेऊन आली. "कशा आहात?" विचारून थांबली. मी मटारची परात पुढे ओढली. ती ओठ मिटून मटार सोलू लागली.

मुलं घरात इंग्रजीत बोलतात, मला कळत नाही, हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. अडखळत, थांबत. तिने माझं एकही वाक्य पुरं केलं नाही.