खिंडीतली बसायची जागा

आमचे साहेब ठाण्याचे. ऑफिसात ते माझ्याशी इंग्रजीत बोलत, फार तर हिंदीत. दार लावून मराठीत बोलायला लागले की मी सावध व्हायचो, कारण मराठीतून त्यांनी मला कधी साधं काम सांगितलं नव्हतं. २००८ची दिवाळी नुकतीच झाली होती. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावरची चार टेबलं रिकामी झाली होती आणि त्या टेबलांकडे कोणी बघत नव्हतं. साहेबांनी दार लावलं. "बस रे," म्हणाले, "फराळ संपला का घरचा?"

फराळाची चौकशी! तेव्हाच उठून बाहेर जायला हवं होतं मी.

मी सर्व्हेअर. आमची लहानशी कन्सल्टन्सी आखातातल्या रास अल खैमाच्या डोंगरांत खाणींसाठी मोजणी करायची. सिमेंटला दगड लागतो, आणि डोंगर फोडण्याआधी तिथे कोण राहतं याचा कागद लागतो. तो कागद मी करायचो. त्या वर्षी मे महिन्यापासून एका डोंगरात मी पायपीट करत होतो आणि तिथे मला एक नर सापडला होता. हरीणच, आपल्याकडच्या चिंकाऱ्याचा भाऊबंद, अंगाने थोडा लहान. डावं शिंग मधेच तुटलेलं. हे नर आपली हद्द राखतात ती लेंड्यांनी. ठरलेल्या जागी येऊन त्याच ढिगावर लेंड्या टाकायच्या, की बाकीच्यांना कळतं इथे मालक आहे. असे सात ढीग मी नकाशावर लाल ठिपक्यांनी नोंदवले होते. ते ताजे होते तोवर खाणीला त्या बाजूला सरकायची परवानगी नव्हती. ती क्लायंटची डोकेदुखी, माझी नाही, अशी माझी समजूत होती.

त्या नराचा फोटो माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या टेबलासमोर चिकटवला होता. मी डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या घरी पोचलो की बूट काढायच्या आत तिचा प्रश्न यायचा, "बाबा, डिड यू सी हिम?"

साहेब म्हणाले, "क्लायंटकडचे एक पाहुणे आहेत. शौकीन माणूस. शुक्रवारी सकाळी त्यांना एक नर हवाय. सध्या माजाचे दिवस आहेत म्हणे, नर उघड्यावर येतो. कुठे बसायचं हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?"

"सर, शिकारीला बंदी आहे इथे."

"मला माहीत नाही का? म्हणून तर मराठीत बोलतोय." त्यांनी टेबलावरचा एक पालथा कागद नीट सरकवून ठेवला, पण उलटून दाखवला नाही. "पुढच्या आठवड्यात कपातीची यादी वर जाणार. तुझं नाव मी अजून कुठेच लिहिलेलं नाही."

घरी जाताना लिफ्टमध्ये नव्या चिठ्ठ्या दिसल्या. सोफा विकणे, पलंग विकणे, मुलाची सायकल विकणे, देश सोडत आहोत. नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि माझ्या व्हिसावर तिघं होतो. बायकोने कपड्यांच्या घड्या घालत सगळं ऐकून घेतलं. "नाही म्हणायचं तर म्हण," ती म्हणाली. "पण मग उद्याच म्हण, आणि कोणत्या बॅगा काढायच्या ते सांग. तिचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर आहे, एवढं लक्षात ठेव." मी तिच्यावर उगाच खेकसलो. तिने फक्त होतं ते सांगितलं होतं.

मग मी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि जागा निवडायला बसलो. सगळ्यात ताजा ढीग खाली ओढ्याच्या सपाटीवर होता. खरा शिकारी समोरच्या कड्यावर, खालच्या अंगाला बसला असता. डोंगरातली थंड हवा पहाटे वरून खाली वाहते. खाली बसलं तर माणसाचा वास जनावराकडे जात नाही. मी वरची खिंड निवडली. तिथून सपाटी स्वच्छ दिसते, सूर्य पाठीशी राहतो, गाडी जवळपर्यंत जाते, अशी साहेबांना सांगायला तीन कारणं तयार होती. चौथी गोष्ट माझी मला माहीत होती. खिंडीतला वारा आमचा वास सरळ त्या ढिगावर नेऊन टाकणार होता. नर येणार, हवा हुंगणार आणि पसार होणार. पाहुणे रिकाम्या हाताने परतणार, माझी नोकरी राहणार, त्याचा जीव राहणार. नाही न म्हणता नाही म्हणायची ही आम्हा नोकरदारांची हातोटी, आणि त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शुक्रवारी उजाडायच्या आधी साहेब, बंदूक घेतलेले पाहुणे आणि मी असे तिघं खिंडीत बसलो. साहेबांनी थर्मासमधून चहा आणला होता. मी मुठीतली धूळ हळूच सोडून पाहिली. ती खाली, ढिगाकडे गेली. मला हायसं वाटलं.

उजेड झाला तशा सपाटीवरच्या बाभळीखाली दोन माद्या दिसल्या. आणि मागून तो आला. ढिगापासून थोडा लांब थबकला, मान वर केली. आमचा वास त्याला लागला होता, यात शंका नाही. त्याने सरळ खिंडीकडे पाहिलं आणि पुढचा पाय आपटला. पळ, मी मनात म्हटलं. पळ रे बाबा. माद्या पळाल्या, थोड्या अंतरावर जाऊन थांबल्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग पुढे आला, ढिगाजवळ, आणि खुराने माती उकरायला लागला. माजावरचा नर हद्द सोडत नाही. मी त्याला मे ते ऑक्टोबर पाहिलं होतं. माजावर कधीच पाहिलं नव्हतं. वारा, उतार, उंची, सगळं मी मोजलं होतं, त्याला सोडून.

माझ्या हाताखाली नारळाएवढा एक धोंडा होता. नुसता ढकलला असता तर गडगडत खाली गेला असता. तेवढं पुरलं असतं. मी तो धरून बसलो. शाळेचं वर्ष संपायला किती महिने उरलेत, हे मी मोजत होतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

गोळी सुटली. "खलास," साहेब म्हणाले आणि चहाचा कप माझ्या हातात दिला. मी तो प्यायलो.

त्या दिवशी घरी मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला. "दिसला," मी म्हटलं. ते खरं होतं.

पुढचे दोन शुक्रवार ते माझ्याशिवाय गेले. जागा आता त्यांना माहीत होती. यादी लागली, तिच्यात मी नव्हतो. मग एका सकाळी साहेबांनी मला बोलावलं. दार उघडं ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, इंग्रजीत. टेबलावर कोरा फॉर्म होता. सातही जागा पुन्हा तपासायच्या, ते म्हणाले, आणि दिसेल तेवढंच लिहायचं. एक अक्षरही खोटं नको. नर नाही तर ताजा ढीग नाही, आणि ताजा ढीग नाही तर खाणीला अडकाठी नाही. पाहुण्यांचा शौक काय होता आणि मला खिंडीत कशासाठी बसवलं होतं, ते तेव्हा लख्ख कळलं.

मी गेलो. सातही ढीग वाळलेले होते, बोटाने दाबले की भुगा होत होता. मी तसं लिहिलं आणि सही केली. उन्हाळ्याच्या आत त्या डोंगरात पहिला सुरुंग उडाला.

"बाबा, डिड यू सी हिम?"

"नाही."

"देन वेअर डिड ही गो?"

"दुसऱ्या डोंगरात," मी म्हटलं.

तिला ते पटलं. त्यानंतर आम्ही त्या देशात आणखी सहा वर्षं होतो. सुटीत समुद्रकाठच्या फुजैराकडे जाताना दोन्ही बाजूंना डोंगर लागायचे आणि ती काचेला नाक लावून तुटकं शिंग शोधत बसायची. पुढे मोठी झाली, तरी घाट आला की कानातले इअरफोन काढायची आणि बाहेर बघायची. गाडी मी चालवत असे. त्यामुळे मला रस्त्यावरून नजर काढायची गरज पडत नसे.