तिसरा सिलिंडर

अक्कलकोटहून भाचीचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत होते. "मामी, आई गेली..." एवढंच ती बोलली. मी हातातली शेंग मोडली, मग तिच्या पुढची. थांबायचं सुचेना.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. लग्नानंतर कितीतरी वर्षं आमचं नातं सणावारापुरतंच होतं, मी वाकायचं आणि त्यांनी ओटी भरायची. त्या खऱ्या जवळ आल्या त्या हे गेल्यानंतर. सोलापुरात भवानी पेठेतल्या आमच्या घराखालच्या गाळ्यात सासऱ्यांची जुनी, गोल बोनेटची गाडी आहे. यांनी ती जिवापाड सांभाळली. हे गेले आणि मी शटर ओढलं, ते पुढं काही वर्षं उघडलंच नाही. मुलगा पुण्याहून म्हणायचा, भंगारात देऊन टाक. मी हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे.

मागच्या दिवाळीनंतर अक्का दवाखान्यात दाखवायला म्हणून आल्या. दम लागायचा त्यांना. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाल्या, "किल्ली कुटं हाय?"

"कशाची?"

"आप्पांच्या गाडीची की. बघू तरी चालू होतीया का."

मला त्या गाळ्यात पाऊल टाकायचं नव्हतं. पण त्या जिना उतरू लागल्या, थांबत थांबत, कठडा धरून. मग मला मागोमाग जावंच लागलं. पुढच्या सीटवर यांचा रुमाल तसाच पडलेला होता... अक्कांनी तो उचलला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि बोनेट उघडायला सांगितलं.

टाकीतल्या पेट्रोलला आंबूस, वार्निशसारखा वास मारत होता. ते काढून नवं भरलं, बॅटरी बदलली. अक्का सांगायच्या, मी करायची. लहानपणी आप्पा गाडी खोलून बसले की दिवा धरायचं काम अक्कांचं. चालवायला मात्र धाकट्या भावाला शिकवलं. "पोरीला काय करायचंय, म्हणायचे. मग मी नुसती बघत राहायची," हे त्यांनी अगदी सहज सांगितलं.

इंजिन सुरू झालं, पण सगळी गाडी थडथडत होती. जरा चालायची, खोकल्यासारखं करायची आणि बंद पडायची. पेट्रोलचाच दोष म्हणून अक्कांनी माझ्याकडून कार्बोरेटर खोलून घेतला. सगळं पुसून परत बसवलं, तरी तेच. त्या स्टुलावर बसल्या, धाप लागलेली. "शिवा असता तर नुसतं ऐकून सांगितलं असतं..." यांच्या आठवणीनं म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. भाऊ गेला तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मग मलाही आवरेना. शटर उघडं, बोळातून माणसं ये-जा करत होती, आणि आम्ही दोघी गाडीपाशी बसून रडत होतो.

दुसऱ्या दिवशी अक्काच म्हणाल्या, "एकेक प्लगची वायर काढून बघू." चालू इंजिनावर, हातात जाड रबरी मोजा घालून मी पहिली वायर उपसली. इंजिन आणखी मंदावलं. ती लावून दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली आणि काहीच फरक पडला नाही.

"ह्योच! ह्यो कामच करंना!"

त्या तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बदलला, उपयोग झाला नाही. मग इंजिन बंद करून तिसऱ्याची अख्खी वायर दोन्ही टोकांनी काढून चौथ्याला लावली, चौथ्याची तिसऱ्याला. आता तिसरा चालला आणि चौथा बसला. दोष वायरीतच होता. उलटी करून पाहिली, तर खालून उंदरानं कुरतडलेली.

नवी वायर लावली आणि इंजिन एका लयीत चालायला लागलं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मी म्हटलं, "अक्का, तुम्हीच चालवा की आता." त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग पदर खोचला. पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न दाबत, गाडी बोळाच्या तोंडापर्यंत नेली. मागं घेणं काही जमेना. शेवटी शेजाऱ्यांनी ढकलून आणली. अक्का स्टिअरिंग धरून हसत होत्या, खोकला येईपर्यंत.

संक्रांतीनंतर त्या घरी परतल्या. मग दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "चालू कर. ऐकू दे." मी मोबाइल बोनेटपाशी धरायची. थोडं ऐकून त्या कानडीत म्हणायच्या, "साकु. पुरे आता, पेट्रोल जातंय." शेवटच्या रविवारी त्या दवाखान्यात होत्या, बोलणं जवळजवळ थांबलेलं. भाचीनं फोन त्यांच्या कानाशी धरला. मी गाडी चालू ठेवली... बऱ्याच वेळानं, अगदी हलकं ऐकू आलं, "साकु."

परवा रविवारी खाली उतरले, शटर वर केलं, गाडी चालू केली. इंजिन छान चाललं होतं. किल्लीवर हात ठेवून मी बसून राहिले. बंद कधी करायची, तेच कळेना.