चेअरमनची ताकद

आमचे मालक गावातल्या दूध संस्थेचे चेअरमन होते. रोज सकाळी लोकांच्या चरवीत लॅक्टोमीटर सोडायचे, पाणी दिसलं की एखाद्या म्हातारीचंही दूध परत करायचे. स्वतःचं रक्त तपासायचं म्हटलं की मात्र त्यांची इभ्रत आडवी यायची.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. माजलगावच्या धरणात चिखल उरलेला, जनावरं चारा छावणीत, संस्थेत चार कॅन भरायची मारामार. आम्हाला सहा वर्षांची एक मुलगी. तिच्या पाठीवर काही होईना. का होईना, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आधी कधीतरी जमायचं, मग अर्ध्यातच सुटायचं, मग मालक पाठ करून झोपायला लागले. सासूबाईंनी दोष माझ्यात काढला आणि ह्या गृहस्थानं तो खुशाल माझ्या नावावर राहू दिला.

माझी दोनदा सोनोग्राफी झाली. काहीच निघालं नाही, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मशीनच बिघडलं असंल."

मालकांचं निदान वेगळंच. संस्थेच्या निवडणुकीत पडलेल्या पॅनलवाल्यांनी म्हणे करणी केली. कपिलधारच्या रस्त्याला तंबू ठोकून बसलेल्या वैदूनं त्यांची नाडी धरली, डोळे मिटले आणि ताकद कमी झाल्याचं सांगितलं. उपाय काय, तर चूर्ण आणि दुधात खारीक, बदाम, भरपूर गूळ. गावात चहाला दूध मिळत नव्हतं आणि चेअरमनसाहेब रोज तांब्याभर गोड दूध रिचवत होते. करून कोण देत होतं? मीच. वर चमचाभर गूळ जास्तच घालत होते. माझ्याही अकलेचं कौतुक करावं तेवढं थोडं.

टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. घरात पिण्याचे चार हंडे, त्यातले दोन मालक एकटेच संपवायचे.

"अवो, लेकीला तरी ठिवा जरा," मी म्हणायचे.

"ऊन लई हाय. तहान लागणारच की."

सगळा गावच तहानलेला. तिथं ह्यांची तहान रोगाची असेल, असं कुणाच्या डोक्यात येणार?

मग सासूबाईंनी नेकनूरकडची एक मुलगी हेरली. ऊसतोड करणाऱ्या घरातली. पाठीवर तीन बहिणी, म्हणून बाप सवतीवरही द्यायला तयार. पाहुणे रविवारी येणार असं ठरलं. मी मालकांना म्हणाले, "बीडला डॉक्टरकडं चला, न्हाई तर आपल्याला दुसरं लेकरू कावून होईना ते मी पाव्हण्यांपुढं सांगते." घाबरले आणि निघाले. गावात मात्र सांगितलं, बायकोला दाखवायला चाललोय.

डॉक्टरनं साधे प्रश्न विचारले. एकदम बंद झालं की हळूहळू? पहाटे झोपेत तरी ताठरता येते का? तंबाखू किती? बीपीची गोळी चालू आहे का? तहान लागते? सभेत तास तास भाषण ठोकणारा माणूस भिंतीवरचा तक्ता वाचायला लागला. उत्तरं मीच दिली, पहाटेचंसुद्धा. मग बीपी मोजलं, रक्त घेतलं. शुगर भलतीच वाढलेली निघाली.

"मनावरच्या ताणानंही असं होतं," डॉक्टर म्हणाला, "पण तेव्हा बहुतेक वेळा पहाटेचं ठीक असतं, तुमचं तेही नाही. तुमच्या शुगरनं नसा आणि रक्तवाहिन्या खराब होत चालल्यात. तंबाखूनं त्यात भर घातली. आज इथं कळलं, उद्या हृदयावर जाऊ शकतं. उपचार आहेत, पण आधी शुगर आटोक्यात आणा. खाणं काय असतं?"

मी गुळाचं दूध सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं.

परतताना एसटीत मालक माझ्या कानाशी आले. "आईला सांगू नगं. तुझंच काय तरी निघालं म्हन."

तोवर मला त्यांची कीव येत होती. त्या सीटवर ती संपली.

रविवारी मुलीचा बाप आला. सासूबाईंनी माझ्या दोषाचं पुराण लावलं. मी आतून रिपोर्ट आणून त्याच्यापुढं ठेवला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तोंडानं सांगितलं, "दादा, दोष माझ्यात न्हाई. ह्यांना शुगर हाय, त्यानं ह्यांचं बंद झालंय. औषध कालपासून चालू हाय. तुमच्या लेकीला इथं आणून काय करता?"

"खोटं बोलतीय सटवी!" सासूबाई किंचाळल्या. "घराची अब्रू घालवली!"

मुलीच्या बापानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. तो मालकांकडं वळला. "चेअरमनसायेब, खरं हाय का?"

मालकांनी रिपोर्ट उचलला, घडी घालून खिशात ठेवला.

"हाय," ते म्हणाले.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. मर्दासारखं त्यांचं बोलणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.