पुन्हा पहिल्या वेढ्यापासून

मोटारीच्या कॉइलवर ओतलेल्या वार्निशचा वास आला की मी अजूनही आधी स्वतःची बोटं बघते.

नववीत असताना शाळेनं आम्हा चार मुलींना दर शनिवारी तेलगावातल्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात शिकायला धाडलं. मिस्त्री होते रहीमचाचा. एकदा एका शेतकऱ्याची विहिरीवरची जळालेली मोटार त्यांनी माझ्यापुढं ठेवली. मी तांब्याच्या तारेचे वेढे मोजत भरत गेले आणि मध्येच मोजणी चुकले.

चाचांनी पक्कड घेतली आणि सगळी तार तोडली. "पुन्हा भर."

"पोरीच्या हातात कावून दिली? माझा ऊस वाळायलाय!" शेतकरी ओरडला.

"तीच भरंल. तुमी बसा, चहा घ्या," चाचा म्हणाले.

रडू गिळून मी पहिल्या वेढ्यापासून मोजलं. तारेनं बोटं कापली, पण संध्याकाळी मोटार फिरली. तेव्हा वाटलं, चाचांनी मला शिक्षा केली. गिऱ्हाइकाचा राग त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतला होता, हे फार उशिरा कळलं.

आता माझं स्वतःचं दुकान आहे आणि शनिवारी त्याच शाळेतल्या मुली येतात. आज एकीचे वेढे चुकले. गिऱ्हाईक दारातच तणतणत होतं. मी पक्कड उचलली, सगळी तार तोडली आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.